डाउन जॅकेट – १ नग : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या तयारीतली माझी तीन महिन्यांची खरेदी

आमच्या ट्रेकच्या सामानाच्या यादीत एकंदर ४३ ओळी होत्या. सव्विसाव्या ओळीत लिहिलं होतं, 'डाउन जॅकेट – १ नग'. बस्स. हेडलॅम्पपुढे दोन ओळींचा खुलासा होता, गोळ्यांची नावं होती, मोज्यांचे किती जोड हेही होतं. सगळ्यांत जास्त पैसे खाणाऱ्या या वस्तूपुढे, म्हणजे पक्ष्यांची मऊ लव भरलेल्या जॅकेटपुढे, मात्र एक अक्षर नाही. ग्रुपवर विचारलं तर पाच जणांनी पाच लिंका टाकल्या आणि सहाव्याने 'थर्मल्स असले की काही लागत नाही' असं सांगून गोंधळ पूर्ण केला.

मी ४६ वर्षांची, थायरॉइडची गोळी चालू, आणि मुळातच थंडी न सोसणारी. आजवरचे ट्रेक सगळे पावसाळ्यातले, त्यात विंडचीटर पुरायचा. एप्रिल २०२३मध्ये बेस कॅम्पला जायचं ठरलं, तेव्हा जानेवारी उजाडला होता. आधी एक गणित मांडलं. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर, बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम गोरकशेप ५,१६४वर. म्हणजे नुसत्या उंचीचाच फरक जवळपास २४ अंश, वारा वेगळा. काठमांडूत पहाटे दहा अंश असतील तर वर काय, हे बोटांवर मोजलं आणि त्या रात्री जरा घाबरूनच झोपले.

घाबरलेला माणूस लेबल वाचून खरेदी करतो. १९ जानेवारीला मी जे जॅकेट मागवलं, त्याच्या फोटोवर मोठ्या अक्षरात 'उणे २० अंशांपर्यंत' असं लिहिलं होतं. मला तेवढंच हवं होतं. हे सांगण्यात कमीपणा वाटत नाही, कारण नंतर भेटलेल्या निम्म्या लोकांनी असंच केलं होतं. स्लीपिंग बॅगवर जो तापमानाचा आकडा असतो त्याच्यामागे आयएसओ २३५३७ हे प्रयोगशाळेतल्या चाचणीचं मानक असू शकतं. ट्रेकिंगच्या जॅकेटवरच्या आकड्यामागे बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो. उणे वीसमध्ये माणूस चढतोय की बसलाय, किती वेळ, आत काय घातलंय, वारा आहे का, यातलं त्या लेबलवर काहीही नसतं.

जॅकेट आलं २७ जानेवारीला. सिंथेटिक भरणाचं, जाडजूड, दिसायला एकदम मोहिमेवरचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं: १,३८० ग्रॅम. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या छोट्या विमानात सामानाची मर्यादा सगळं धरून १५ किलो, दहा डफलमध्ये (पोर्टर उचलतो ती मोठी बॅग) आणि पाच हातात. त्यातला जवळजवळ दीड किलो हेच घेणार. शिवाय ते दबेना. गुडघा देऊन, वर बसून, नवऱ्याला वर बसवून पाहिलं, तरी वीस लिटरची पिशवी भरूनच राहिलं. स्लीपिंग बॅग कुठे घालायची?

परतीचा किस्सा सविस्तर लिहिते, कारण मला तो कुणी सांगितला असता तर तीन आठवडे वाचले असते. परत करायची मुदत सात दिवसांची. २९ तारखेला अर्ज केला. ३१ला मी दिवसभर घरात असताना 'ग्राहक उपलब्ध नाही' असा मेसेज आला. २ फेब्रुवारीला माणूस आला, त्याने पिशवी उघडली आणि म्हणाला, टॅग कापलाय, घेता येणार नाही. टॅग मीच कापला होता, मानेला टोचत होता म्हणून. तो पुठ्ठा नशिबाने जपून ठेवला होता. मग फोटोसकट तक्रार. ती दोनदा 'सोडवली' म्हणून परस्पर बंद झाली आणि दोनदा मी पुन्हा उघडली. शेवटी सामान ११ तारखेला गेलं, पैसे २१ला आले. तेव्हा पार्सल उघडतानाच व्हिडिओ करा, टॅग कापू नका, घालून पाहताना मानेला टोचलं तर टोचू द्या. आणि ट्रेकच्या आदल्या महिन्यात ऑनलाइन खरेदी नकोच, एक परती धरून वेळ ठेवा.

हे चालू असतानाच मी उलट्या टोकाला गेले. पहिलं जड झालं म्हणून दुसरं घेतलं हलकं. 'फिल पॉवर ८००' असं कौतुकाने लिहिलेलं, खरं डाउन, वजन ३१० ग्रॅम, मुठीएवढ्या पिशवीत बसणारं. ९ फेब्रुवारीला आलं आणि मी प्रेमातच पडले.

फिल पॉवर म्हणजे काय, ते तोवर मला 'जितकं मोठं तितकं गरम' इतपतच कळलं होतं. ते अर्धवट आहे. डाउन म्हणजे बदक किंवा हंसाच्या अंगावरची, बाहेरच्या पिसांखालची लव. तिला काडी नसते, तिचं बोंड असतं, आणि ते फुललं की त्यात हवा अडकते. ऊब त्या अडकलेल्या हवेची. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव ठरावीक दाबाखाली फुलून किती घन इंच जागा व्यापते, तो आकडा म्हणजे फिल पॉवर. आठशेची लव साडेसहाशेच्या लवेपेक्षा चांगल्या प्रतीची, हे खरं. पण ती जॅकेटमध्ये *किती* भरली आहे? हा भरणाचा आकडा बऱ्याचदा जाहिरातीत नसतोच, किंवा खाली कुठेतरी बारीक अक्षरात असतो. माझ्या जॅकेटवर तो नव्हता. १० फेब्रुवारीला कंपनीला मेल टाकली. दोन आठवणींनंतर २१ला उत्तर आलं, एका ओळीचं: एम साइझमध्ये ७० ग्रॅम.

मग वहीत आकडेमोड केली. आठशे गुणिले सत्तर, ५६,०००. दुसऱ्या एका कंपनीच्या जाड जॅकेटची माहिती समोर होती, फिल पॉवर फक्त ६५०, पण भरण १८० ग्रॅम. गुणाकार १,१७,०००. दुपटीहून जास्त! हा गुणाकार म्हणजे ऊब मोजायचं यंत्र नव्हे, कापड, शिवण, मापं यांनी फरक पडतो. पण दोन जॅकेटं शेजारी ठेवायला याच्याइतकं सोपं साधन मला नंतरही सापडलं नाही. गंमत म्हणजे विक्रेते मोठ्याने सांगतात तो आकडा पहिला, आणि लागतो तो दुसरा.

तरी मन मानेना. इतकं सुंदर हलकं जॅकेट, ते थंडीत कमी पडेल हे वहीतल्या गुणाकारावरून कसं मानायचं? माझा भाचा एका शीतगृहात कामाला आहे. तिथे गोठवलेल्या मालाची एक खोली उणे १८ अंशांवर असते. त्याला म्हटलं, मला वीस मिनिटं आत बसू दे. तो आधी हसला, मग म्हणाला, "मावशी, साहेबांना काय सांगू?" साहेबांना खरं तेच सांगितलं. त्यांनी रजिस्टरमध्ये नाव, वेळ, आत जाण्याचं कारण लिहायला लावलं. कारणाच्या रकान्यात मी 'जॅकेट तपासणे' लिहिलं. भाच्याने सोबत थांबायचं आणि विसाव्या मिनिटाला बाहेर, या अटीवर २५ फेब्रुवारीला परवानगी मिळाली.

आत एका उलट्या क्रेटवर बसले. थर्मल, त्यावर मऊ लोकरीसारख्या कापडाचं फ्लीस, वर ते जॅकेट. पहिली पाच मिनिटं छान. सातव्या-आठव्या मिनिटाला खांद्यांवर आडव्या रेघा उमटल्यासारख्या वाटायला लागल्या. आधी कळेना. मग लक्षात आलं, थंडी शिवणीच्या रेषेतून येतेय. पातळ जॅकेटमध्ये बाहेरचं आणि आतलं कापड एकत्र शिवून कप्पे केलेले असतात. टाका जिथे पडतो तिथे लव नसते, कापडाला कापड चिकटलेलं. प्रत्येक कप्प्याच्या मधोमध ऊब आणि दोन्ही कडांना गार सुतळी ओढल्यासारखं. वरून पंख्याचा झोत आला की रेघा आणखी ठळक. जाड जॅकेटांमध्ये दोन कापडांच्या मध्ये उभ्या पट्ट्या लावून चौकोनी कप्पे करतात, त्यांना बॉक्स बॅफल म्हणतात. ते कशासाठी, हे मी त्या क्रेटवर शिकले. बाराव्या मिनिटाला दात वाजायला लागले. भाचा म्हणाला, "बाहेर चल." मी म्हटलं, थांब. उठले आणि त्या खोलीत येरझाऱ्या घालायला सुरुवात केली, मध्येच क्रेटवर चढउतार. चार मिनिटांत चेन अर्धी उघडली.

तेवढ्या एका गोष्टीने माझी पुढची सगळी निवड सोपी झाली. तोवर मी 'ट्रेकचं जॅकेट' शोधत होते, म्हणजे मनात चालतानाचं. चालताना शरीर शेगडीसारखं पेटलेलं असतं, तेव्हा फ्लीस आणि वर वारा अडवणारं शेल पुरतं. जाड जॅकेट लागतं ते थांबल्यावर: लॉजवर पोचल्यावर, संध्याकाळी, पहाटे बूट घालताना, कुणाची तरी वाट बघत उभं राहिल्यावर. मला बसायचं जॅकेट हवं होतं.

हलकं परत करायची मुदत तोवर उलटली होती. म्हटलं, राहू दे, आतल्या थराला चालेल. जाडाचं काय करायचं यावर मार्च गेला. सिंथेटिक की डाउन हा वाद ग्रुपवर आठवडाभर रंगला. भिजलं की डाउनची लव चिकटते आणि ऊब जाते. सिंथेटिक भिजलं तरी थोडीफार टिकवतं, पण तेवढ्याच उबेसाठी जड होतं आणि दाबून दाबून लवकर बसतं. सतत पावसात जायचं असतं तर मी सिंथेटिकच घेतलं असतं. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या त्या भागात, एप्रिलमध्ये दुपारनंतर ढग आणि थोडा बर्फ, एवढंच गृहीत होतं, आणि त्या वेळी मी शक्यतो छताखाली असणार होते. तेव्हा डाउन. मात्र रेनकोट एवढा मोठा घेतला की जाड जॅकेटवरूनही चढेल. घट्ट रेनकोट डाउनला चेपून टाकतो आणि हवाच गेली तर उरलं काय?

जाता जाता एक. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने बलूनचं कापड आणि आयडर बदकाची लव वापरून कोट शिवून घेतला होता. सोबतची मंडळी लोकर आणि ट्वीडमध्ये होती. म्हणजे 'एव्हरेस्टला डाउन जॅकेट' ही कल्पना शंभर वर्षं जुनी आणि त्याच डोंगरावरची. हे वाचल्यावर माझ्या तीन महिन्यांच्या खटाटोपाला जरा इभ्रत आल्यासारखी वाटली. आणि लव येते कुठून हा प्रश्न ज्यांना छळतो (मला छळला), त्यांनी लेबलवर आरडीएस (रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड) आहे का पाहावं. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटलेली नाहीत आणि त्यांना बळजबरीने खाऊ घातलेलं नाही, याची साखळी तपासणारं ते प्रमाणपत्र २०१४पासून आहे.

नवरा म्हणाला, "एकदाच जायचंय ना? मग भाड्याने घे." त्याचं सहसा ऐकत नाही, या वेळी ऐकलं. काठमांडूच्या ठमेलमध्ये ट्रेकिंगचं सामान भाड्याने मिळतं.

८ एप्रिलला सकाळी दहाला निघाले ते चार दुकानं पालथी घालून दोनला परतले. एका जॅकेटवर कॉलरला एका कंपनीचं नाव आणि चेनच्या लोंबत्या पट्टीवर दुसऱ्याच कंपनीचं होतं. दुकानदाराला दाखवलं तर तोही मनापासून हसला. भाड्याच्या जॅकेटवरचं नाव वाचूच नये, हात वापरावा. मी काय केलं ते सांगते. प्रत्येक जॅकेट दिव्यासमोर धरलं. लव नीट असेल तर कप्पा सगळीकडे सारखा धूसर दिसतो, गोळे झाले असतील तर मध्येच काळे डाग आणि बाजूला रिकामं कापड. दोन जॅकेटं इथेच बाद. मग कप्पा चिमटीत धरून आत काड्या लागतात का पाहिलं, काड्या जास्त म्हणजे लव कमी आणि पिसंच जास्त. मग घडी घालून दोन मिनिटं त्यावर बसले आणि उठून पाहिलं किती फुगतंय. एक तर पोळपाटासारखं चपटंच राहिलं. शेवटी नाक. आधीच्या भाडेकरूंचा वास येणारच, पण कुबट वास म्हणजे ओलं असताना गुंडाळून ठेवलेलं.

जे पसंत पडलं ते लाल रंगाचं, एल साइझचं. मी एम घालते. पण फ्लीस आणि हलकं जॅकेट आत घालून, हात वर करून, बुटाची नाडी बांधायला वाकून पाहिलं, तेव्हा एम पाठीवर वर सरकत होतं. जॅकेटची टोपी कानटोपीवरून नीट बसली. चेनच्या आत जाड पट्टी होती, नाहीतर वारा चेनच्या दातांतून येतो. चेन दोन्हीकडून उघडणारी. हातमोजे घालून ती ओढता येते का, हे मी दुकानातच मोजे चढवून पाहिलं. आलीच नाही. दुकानदाराने पुलरला नाडीचा तुकडा बांधून दिला, फुकट. आतल्या बाजूला दोन मोठे खिसे, त्यातला एक चेनचा.

भाडं दिवसाला १५० नेपाळी रुपये, पंधरा दिवसांचे २,२५०. डिपॉझिट ८,०००. तेव्हा नेपाळमध्ये शंभरपेक्षा मोठी भारतीय नोट चालत नव्हती, त्यामुळे आधी पैसे बदलून आणावे लागले, त्यात अर्धा तास. डाव्या बाहीला एक भोक होतं. ते पावतीवर लिहा म्हटलं. त्याने नेपाळीत लिहिलं: 'बायाँ बाहुला, १ प्वाल'. फोटो काढून ठेवला.

१० एप्रिलला रात्री दीडला काठमांडू सोडलं. हंगामात लुक्लाची बरीच विमानं रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात, गाडीने चार-पाच तास. अंगावर घातलेलं वजनात धरत नाहीत, हे कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मी हुशारीने जाड जॅकेट अंगावर चढवून गेले. मंथली आहे ५०० मीटरच्याही खाली. आठ वाजता ऊन, विमान अकरापर्यंत नाही, आणि मी लाल फुगा होऊन घाम गाळत उभी. घामाने डाउन आतूनच ओलं होतं हे शहाणपण तिथे आठवलं. मग ते उलटं करून बॅगेवर वाळत घातलं. काट्यावर डफल ९.६ किलो भरली.

दुसऱ्या दिवशी मोंजोला सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं परमिट. सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० आणि वर १३ टक्के व्हॅट, म्हणजे १,६९५ नेपाळी रुपये. गावपालिकेची पावती वेगळी. संध्याकाळी नामचेला गारठा पडला, जॅकेट चढवलं आणि दोन्ही कागद मोठ्या विश्वासाने आतल्या चेनच्या खिशात ठेवले.

१३ तारखेला तेंगबोचेच्या चढाआधी, खाली नदीजवळच्या चेकपोस्टवर शिपायाने परमिट मागितलं. परमिट जॅकेटमध्ये, जॅकेट डफलमध्ये, डफल पोर्टर दादांच्या पाठीवर, आणि दादा तासभर पुढे. चूक सगळी माझी. आमच्या गाइडने फोन लावले, रेंज नाही. मग तो स्वतः वर धावला. मी फ्लीस आणि शेलमध्ये ५० मिनिटं सावलीत बसून राहिले, म्हणजे ज्या प्रसंगासाठी जाड जॅकेट आणलं तो प्रसंग, आणि जॅकेट नेमकं परमिट घेऊन पुढे गेलेलं. पोटाशी गुंडाळलेलं हलकं जॅकेट तेवढं होतं, त्याने निभावलं. त्यानंतर कागद कमरेच्या पाऊचमध्ये, आणि जाड जॅकेट रोज माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये, सगळ्यांत वर.

१४ला दिंगबोचे, ४,४१० मीटर. त्या दिवशी नेपाळी नववर्ष, २०८० साल लागलं. जेवणाच्या खोलीत मधोमध शेणींची शेगडी, याकच्या वाळलेल्या शेणाची. ती संध्याकाळी पेटवतात आणि विझली की विझली. सगळे तिच्याभोवती. नववर्षाच्या हसण्यागाण्यात कुणीतरी झाकण उघडलं, ठिणगी उडाली आणि माझ्या उजव्या बाहीवर मुगाएवढं भोक. नायलॉन असं वितळतं की हाताला कळतही नाही. भोकातून पांढरं बोंड हळूच बाहेर आलं. ते ओढायचं नाही, ओढलं की मागून दुसरं येतं. बाहेरून चिकटपट्टी लावली, कडा गोल कापून. चौकोनी पट्टीचे कोपरे उलटतात.

लोबुचेच्या वाटेवर दुपारी बर्फ पडला. जाड जॅकेट सॅकमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, अंगावर शेल. पोचल्यावर आधी ओले कपडे उतरवले आणि मगच ते चढवलं. रात्री ते घालून स्लीपिंग बॅगेत शिरले तर दोन्ही एकमेकांना चेपू लागली आणि कूस बदलता येईना. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणाली, काढून वरून पांघर. तसं केलं, पायांपासून छातीपर्यंत पसरून. चांगली झोप लागली, त्या उंचीवर जितकी लागते तितकी. फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात घालून उशाला, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

मी वहीत रोज तास लिहीत होते. लुक्लापासून गोरकशेपपर्यंत ते जॅकेट ३७ तास अंगावर होतं, त्यातले चालतानाचे शून्य.

१७ला बेस कॅम्प झाला. १८ला पहाटे सव्वाचारला काला पत्थरसाठी निघालो, गोरकशेपवरचा, एव्हरेस्ट दिसतो तो डोंगर. गाइडकडचा छोटा थर्मामीटर उणे १३ दाखवत होता, वर वारा. तेव्हा मात्र सगळं अंगावर: थर्मल, फ्लीस, हलकं, जाड. वीस मिनिटांत खालची चेन उघडली, मग वरची, कारण चढ खडा आणि मी बैलगाडीसारखी धापा टाकत होते. प्रत्येक थांब्याला चेन बंद, निघताना उघडी. पुलरला बांधलेल्या त्या नाडीच्या तुकड्याला मी मनोमन कितीदा नमस्कार केला असेल. इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. सूर्य एव्हरेस्टच्या बाजूनेच वर येतो, त्यामुळे उजाडलं तरी ऊन अंगावर यायला खूप वेळ लागतो. आकाश निळं, शिखराच्या कडेला सोनेरी रेघ, आणि तुम्ही सावलीत उभे. छाती, पाठ, हात गरम होते. खांद्यावर रेघा नव्हत्या.

पायांची बोटं मात्र गेली. आधी दुखली, मग दुखायची थांबली. गाइडला सांगितलं. "दिदी, बूट नहीं खोलना, नीचे चलो," म्हणाला. माथा दिसत होता, अजून शंभरेक मीटर असेल. खाली उतरलो. दीड तासाने बोटांत मुंग्या आल्या आणि मी लॉजच्या बाकावर बसून रडले, थोडं दुखलं म्हणून, थोडं माथा राहिला म्हणून. जॅकेटवर तीन महिने घालवले होते. मोजे एका दुपारी घेतले होते, आणि बुटांत दोन जोड कोंबल्यावर बोटं हलतात का, हे पाहिलंच नव्हतं. कोंबलेल्या मोज्यांतही हवा उरत नाही. डाउनबद्दल वहीत लिहिलेलं वाक्य पायांना लावायचं सुचलं नाही.

२२ एप्रिलला जॅकेट परत दिलं. दुकानदाराने पावती काढली, डाव्या बाहीवरचं भोक जुळवून पाहिलं, मग उजवीकडची गोल पट्टी दिसली. ३०० रुपये कापले. वाद घातला नाही, भोक माझंच होतं. उरलेले ७,७०० मोजून दिले.

घरी आल्यावर हलकं जॅकेट धुतलं. डाउनसाठीचा वेगळा साबण मिळतो, नेहमीच्या पावडरने लवेचं तेल जातं. ओलं असताना ते मेलेल्या कोंबडीसारखं दिसतं, घाबरू नका. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन टेनिस बॉलसोबत फिरवायचं, म्हणजे गोळे फुटतात. मला तीन फेऱ्या लागल्या. आता ते हँगरला टांगलंय, पिशवीत दाबून ठेवलेलं नाही.

परवा भाच्याने मागितलं. त्याचं काम गोठवलेल्या खोलीत हिंडत माल मोजायचं, बसायचं नाही. म्हणून देते म्हटलंय.